बसलेला हत्ती आणि ट्रान्झिट कॅम्प

उल्हासनगरात आजही टपालाच्या पत्त्यात बॅरेकचा क्रमांक लिहिला जातो. बॅरेक नंबर अमुक, सेक्शन तमुक, कॅम्प नंबर तीन. ज्या बॅरेकचा तो क्रमांक असतो ती अनेकदा केव्हाच पाडली गेलेली असते. तिच्या जागी चार मजले उभे असतात, खाली मोबाईलचे दुकान आणि वर शिलाईची मशिने चालू असतात; पण पोस्टमनच्या लेखी ती बॅरेकच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणपासून चार-पाच किलोमीटरवर ब्रिटिश लष्कराने जी तात्पुरती छावणी उभारली, तिचे हे क्रमांक आहेत. छावणीचे अधिकृत नाव होते कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. ट्रान्झिट म्हणजे जिथून पुढे जायचे असते अशी जागा. युद्ध संपल्यावर सैनिक गेले, काही काळ कॅम्प ओस पडला, आणि मग फाळणीनंतर सिंधमधून सुमारे एक लाख माणसे तिथे आणून ठेवली गेली. ती माणसे पुढे गेली नाहीत. त्यांची तिसरी-चौथी पिढी आज तिथे आहे, आणि आजूबाजूचे मराठी लोक अजूनही 'कॅम्पात जाऊन येतो' असेच म्हणतात.

प्रस्तुत लेख एका चिनी चित्रपटाविषयी आहे. त्याची सुरुवात उल्हासनगरच्या पत्त्यांपासून का केली, हे पुढे स्पष्ट व्हावे.

हू बो या दिग्दर्शकाचा 'अ‍ॅन एलिफंट सिटिंग स्टिल' हा चित्रपट २०१८च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला. त्याची लांबी चार तासांना काही मिनिटे कमी. हू बोचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आणि शेवटचाही. कारण चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच, १२ ऑक्टोबर २०१७ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. तो मुळात लेखक. हू छियान या नावाने त्याची कथा-कादंबरीची दोन पुस्तके २०१७ मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि चित्रपट त्याच्याच कथेवर आधारलेला आहे. त्याच वर्षी हंगेरीचा दिग्दर्शक बेला तार याच्या कार्यशाळेत त्याने काम केले होते. 'साटानटँगो' हा तारचा सात तासांहून मोठा चित्रपट आपल्याकडील फिल्म सोसायट्यांच्या जुन्या सभासदांना ऐकून तरी ठाऊक असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये तैवानच्या गोल्डन हॉर्स पुरस्कारांत हू बोचा चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला, तेव्हा पारितोषिक घ्यायला त्याची आई मंचावर आली.

चित्रपटात एका दिवसाची गोष्ट आहे, पहाटेपासून रात्रीपर्यंतची. स्थळ उत्तर चीनच्या हेबेई प्रांतातले एक खाणकामाचे गाव. चित्रण झाले ते जिंगशिंग भागात, जो जुना कोळसा खाणींचा प्रदेश आहे. मुख्य माणसे चार. वेई बू हा शाळकरी मुलगा. मित्रावर मोबाईल चोरल्याचा आळ आला म्हणून तो मध्ये पडतो, झटापटीत शाळेतल्या दांडगट मुलाला जिन्यावरून ढकलतो, आणि तो मुलगा पुढे मरतो. ह्वांग लिंग त्याच्याच शाळेतली. शाळेच्या उपप्रमुखाशी असलेले तिचे संबंध चव्हाट्यावर येतात. तिच्या घरी शौचालय गळते आहे आणि आई तिच्याशी भांडण्यापलीकडे काही बोलत नाही. यू चंग हा गावचा किरकोळ गुंड, मेलेल्या मुलाचा थोरला भाऊ. सकाळीच तो मित्राच्या बायकोकडे सापडतो आणि तो मित्र त्याच्या डोळ्यांदेखत इमारतीवरून उडी टाकतो. चौथा वांग जिन, साठीचा निवृत्त सैनिक. नातीला चांगल्या शाळेजवळ घर हवे, त्या घरात म्हाताऱ्याला जागा नाही, म्हणून मुलगी-जावई त्याला वृद्धाश्रमात धाडू पाहत आहेत. त्याच दिवशी त्याचा कुत्राही एका मोठ्या कुत्र्याने मारला जातो.

या चौघांच्या कानावर एकच वार्ता आलेली असते. रशियाच्या सीमेला लागून असलेल्या मांजोउली या दूरच्या शहरात एक हत्ती आहे आणि तो नुसता बसून असतो. कुणी त्याला टोचते, कुणी काही खायला टाकते, तो लक्ष देत नाही. का बसतो, हे कुणाला माहीत नाही. चौघांपैकी तिघे, म्हातारा, मुलगा आणि मुलगी, दिवस मावळल्यावर त्या हत्तीकडे निघतात. म्हातारा नातीलाही बरोबर घेतो. यू चंग गावातच राहतो, पायात गोळी लागलेला. ज्या मुलाचा सूड घ्यायला तो दिवसभर फिरला, त्याला तो अखेर जाऊ देतो.

कथासार एवढेच, आणि ते असे लिहून काढले की चित्रपट भडक वाटतो. एका दिवसात इतके मृत्यू! पडद्यावर मात्र त्यांतला एकही मृत्यू नाट्यपूर्ण रीतीने येत नाही. कॅमेरा माणसांच्या मानेमागे, खांद्याजवळ, हातभर अंतरावर चालत असतो. समोरचा चेहरा तेवढा स्पष्ट, मागचे सारे धूसर. आजीच्या खोलीत वेई बू जातो आणि ती मरण पावलेली त्याला आढळते, तेव्हाही आपण पाहतो ते मुलाला. मृत्यू कुठेतरी कडेला, फोकसच्या बाहेर घडून गेलेला असतो. रंग सगळे राखाडी, उजेड हिवाळ्यातल्या ढगाळ दिवसाचा. माणसे बोलण्यापूर्वी बराच वेळ गप्प उभी राहतात, आणि बोलून झाल्यावरही.

दीर्घ चित्रपटांविषयी आपल्याकडे एक ठरीव तक्रार असते, की हेच दोन तासांत सांगता आले असते. या चित्रपटाच्या लांबीवरून दिग्दर्शक आणि निर्माते यांच्यात झालेला वाद सर्वश्रुत आहे. दोन तासांची आवृत्ती करावी असा आग्रह होता, आणि हू बोने तो मानला नाही. आमचे मत त्याच्या बाजूचे आहे, आणि ते केवळ कलावंताच्या स्वातंत्र्याच्या तत्त्वाखातर नाही. दोन तासांत घटना सांगता आल्या असत्या. घटनांच्या मधला वेळ सांगता आला नसता. वांग जिन वृद्धाश्रम पाहायला जातो तो प्रसंग घ्या. तो लांब व्हरांड्यातून चालत जातो, एकेका खोलीपाशी येतो, आत म्हातारी माणसे बसलेली किंवा पडलेली असतात, तो पुढे जातो, पुन्हा एक खोली. कुणी काही बोलत नाही. साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या खोलीपर्यंत प्रेक्षकाला मुद्दा कळलेला असतो. त्यानंतरच्या खोल्या मुद्द्यासाठी नसतात. मुद्दा कळल्यावरही चालणे संपत नाही, ही गोष्ट तिथे अंगावर येते, आणि म्हाताऱ्याला पुढची वर्षे नेमकी तीच भोगायची आहेत.

हा चित्रपट आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना दोन दुपारी मिळून दाखवला. पहिल्या दुपारी वर्ग भरलेला होता, दुसऱ्या दुपारी निम्म्याहून कमी. (हजेरी लावली असती तर चित्र वेगळे दिसले असते, आम्ही मुद्दाम लावली नाही.) जे आले त्यांच्यात एक विद्यार्थी कॅम्प चारमधला, सिंधी कुटुंबातला, पण मराठी माध्यमात शिकलेला. वृद्धाश्रमाच्या प्रसंगाविषयी तो म्हणाला, 'सर, आमची आजी सांगायची ती बॅरेक अशीच. मधून चालत गेलं की दोन्ही बाजूंना लोक बसलेले. कुणी काही करत नाही. सगळे कसली तरी वाट बघतायत.' नंतर जरा थांबून त्याने विचारले, 'पण ते तर नंतर उठले ना? मग हे सगळं कशाला आठवायचं?'

हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

त्याकडे वळण्यापूर्वी दोन अडथळे दूर केले पाहिजेत. पहिला दिग्दर्शकाच्या मृत्यूचा. चित्रपट पाहण्यापूर्वीच प्रेक्षकाला ती हकीकत ठाऊक असते, आणि मग प्रत्येक दृश्य म्हणजे जणू मागे ठेवलेली चिठ्ठीच, अशा भावनेने तो पाहू लागतो. चित्रपटाविषयी लिहिले गेलेले बरेचसे लेखन याच वाटेने जाते. ती वाट सोपी आहे आणि अन्यायाचीही. कलाकृतीतला अंधार हा कर्त्याच्या मनाचा आजार ठरवला की त्या अंधारात दिसणारी शाळा, घर, नोकरी, न्याय यांच्याकडे पाहण्याची गरज उरत नाही. शिवाय तथ्य असे आहे की चित्रपटातली तीन माणसे अखेरीस निघतात. मरणाऱ्याच्या हकीकतीवरून चित्रपट वाचणाऱ्यांना हा शेवट कुठे ठेवावा तेच समजत नाही.

दुसरा अडथळा आमच्या स्वतःच्या खात्याचा आहे, म्हणजे मराठीच्या अभ्यासक्रमाचा. आपल्याकडे अस्तित्ववाद हा एक प्रश्न असतो, दहा किंवा पंधरा गुणांचा. त्याच्या उत्तरात सार्त्र आणि काम्यू यांची नावे, परात्मता, निरर्थकता आणि स्वातंत्र्य या तीन संज्ञा, आणि उदाहरण म्हणून १९६३ची 'कोसला' येते. विद्यार्थी हे उत्तर पाठ करतात आणि आम्ही तपासतो. या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की अस्तित्ववादी उदासी ही कुठलीच नसते. तिला गाव नसते, साल नसते, ती मानवी अवस्थेची असते. बेकेटच्या नाटकातल्या रस्त्यावर एक झाड आहे आणि तो रस्ता कुठलाही असू शकतो, हे आम्ही वर्गात कौतुकाने सांगतो. पण 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकराला तर गाव आहे. खानदेशातून पुण्याला शिकायला येण्याचा आणि परत जाण्याचा त्याचा रस्ता कुठलाही नाही; स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दीड दशकात शेतकरी घरांतली मुले ज्या रस्त्याने महाविद्यालयांत आली तोच तो आहे. उत्तरपत्रिकेत हा रस्ता येत नाही. तिथे फक्त परात्मता येते.

मराठीत उदासीला इतिहास जोडून दाखवणारी कादंबरी 'कोसला'च्या बरीच आधी लिहिली गेली होती. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ची. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू निर्वासित, आणि एक मराठी तरुण. त्या बोटीवरचे प्रेम, थट्टा, जेवणे, भांडणे या सगळ्यांवर एक सावली आहे: या माणसांना उतरायला हक्काचा किनारा नाही. (त्या काळी व्हिसाशिवाय पाय ठेवता येईल असे शांघाय हे जवळजवळ एकमेव बंदर उरले होते. चीनचा संबंध इथेही आहेच.) हेर्टाची निराशा ही मानवी अवस्थेची निराशा आहेच, पण ती आधी न्यूरेंबर्गच्या कायद्यांची आणि बंद झालेल्या बंदरांची निराशा आहे. आम्हांला हू बोचा चित्रपट बेकेटपेक्षा बेडेकरांच्या जवळचा वाटतो, तो याच कारणाने. त्याच्या पात्रांचे आयुष्य अर्थहीन झाले आहे, पण ते कुणी आणि कसे केले याच्या खुणा सर्वत्र पडलेल्या आहेत. शाळा लवकरच बंद होणार आहे. उपप्रमुखाची सोय दुसऱ्या चांगल्या शाळेत झाली आहे, आणि मुलांपैकी बरेचजण रस्त्यावर काहीबाही विकतील हे तो वेई बूला निर्विकारपणे सांगून टाकतो. वेई बूचा बाप लाचखोरीवरून नोकरी गमावून पाय धरून घरात बसला आहे. म्हाताऱ्याचे घर हे नातीच्या शाळेच्या पत्त्यासाठी द्यायचे चलन झाले आहे. यातले काहीही विश्वाच्या मौनातून आलेले नाही.

आता कॅम्पाकडे.

'रणांगण' प्रसिद्ध झाल्यानंतर दहा वर्षेही उलटली नव्हती, आणि मुंबई बंदरात निर्वासितांच्या बोटी लागू लागल्या. फाळणीत पंजाब आणि बंगाल विभागले गेले, सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. म्हणून सिंधी निर्वासिताला पंजाब्याप्रमाणे अर्धा तरी आपला म्हणता येईल असा प्रांत भारतात उरला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर येणाऱ्यांचा ओघ कित्येक पटींनी वाढला. त्यांतल्या अनेकांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बॅरेकींत पाठवण्यात आले. एकेका बॅरेकीत मध्ये मोठे दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या; दालनात कुटुंबाकुटुंबांमध्ये गोणपाटाचे किंवा जुन्या धोतर-साड्यांचे पडदे. रेशन, नोंदणी, मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे, दाव्यांची तपासणी. नुकसानभरपाई आणि पुनर्वसन यांचा केंद्रीय कायदा झाला १९५४ साली. म्हणजे दावा मांडून बसलेल्या माणसाने निदान सहा-सात वर्षे केवळ कागदाची वाट पाहिली. त्या वर्षांत मुले जन्मली, म्हातारी माणसे पडद्यामागे मेली, लग्ने लागली.

दरम्यान ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नदीचे नाव सरळ नदीचे नाव आहे, त्यात उपरोध शोधणे उगाच. तरीही गोणपाटाच्या पडद्याआड बसलेल्या बाईला आपल्या नव्या गावाचे नाव पहिल्यांदा सांगितले गेले असेल तेव्हा तिला काय वाटले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

उल्हासनगरचा इतिहास सांगण्याची रूढ रीत वेगळी आहे. निर्वासित आले, त्यांनी भीक मागितली नाही, लोकल गाडीत गोळ्या-बिस्किटे विकली, पापड लाटले, मग छोटे कारखाने काढले, आणि आज पाहा! 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोदही याच कथेचा भाग. त्यात हिणवणे आणि कौतुक दोन्ही आहेत. ही कथा खोटी नाही. त्या विद्यार्थ्याने जे विचारले, की ते नंतर उठले ना, त्याचे उत्तर होय असेच आहे, आणि त्या उठण्याचा त्याला अभिमान वाटावा हे रास्तच. आमची हरकत एवढीच आहे की या कथेत बॅरेकीतली वर्षे एका वाक्यात उरकतात. 'हालअपेष्टा सोसून' हे ते वाक्य. हू बोला विचारले असते की हे दोन तासांत करता येईल का, तर इतिहासकारांनी ते दोन शब्दांत करून दाखवले आहे! उद्यमशीलतेची कथा सांगायला घटना लागतात: पहिले दुकान, पहिले यंत्र, पहिली इमारत. वाट पाहण्यात घटना नसतात, आणि म्हणून तिची नोंद राहत नाही. ती कोणी लिहिली असेल तर सिंधी कथाकारांनी. मोहन कल्पना यांच्यासारखा मोठा लेखक उल्हासनगरातच राहिला. पण कल्याण-बदलापूर पट्ट्यातल्या किती मराठी प्राध्यापकांनी त्यांचे काही वाचले आहे, असा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला तेव्हा आम्ही खाली पाहिले. एकाच लोकलने रोज येऊनजाऊन दोन भाषा एकमेकींच्या साहित्याला सत्तर वर्षे ओळखत नाहीत, हे नवल आहे.

आणि वाट पाहणे १९५४ साली संपलेही नाही. बॅरेकींच्या जागी इमारती आल्या त्या बहुतांशी परवानगीविना. मुंबई उच्च न्यायालयासमोर गेलेल्या ८५५ बेकायदा इमारतींचे प्रकरण गाजले. त्या पाडाव्यात की नियमित कराव्यात यावर वर्षे गेली. २००६ मध्ये खास उल्हासनगरपुरता नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसे गेली. आपले घर उद्या असेल की नाही हे न कळता त्यात राहणे, संध्याकाळी दिवा लावणे, पोरांना शाळेत घालणे, याला अस्तित्ववादाच्या उत्तरपत्रिकेत कोणती संज्ञा आहे?

इथे आमच्यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो आम्ही आधीच मान्य करतो. निर्वासितांचे दुःख हिंसेतून आणि विस्थापनातून आले. हू बोच्या माणसांना कुणी हाकलले नाही, त्यांना घरे आहेत, देश आहे. दोघांना एका मापाने मोजणे हा फाळणीचा अपमान ठरेल. खरे आहे. सारखेपणा दुःखात नाही, काळाच्या पोतात आहे. दोन्हीकडे माणसे अशा जागी आहेत जिथून पुढे जायचे होते आणि जाणे झाले नाही. म्हणून अंबरनाथचे उदाहरण कदाचित अधिक जवळचे. हजार वर्षांपूर्वीच्या शिलाहार मंदिराचे हे गाव (शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०) विसाव्या शतकात कारखान्यांचे गाव झाले. धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना, विम्कोचा काड्यापेटीचा, संरक्षण खात्याचे कारखाने. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाला कारखान्याच्या भोंग्याने दिवसाचा आकार दिला. विम्को नाका हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. रिक्षावाल्याला ते सांगितले की तो पुढे काही विचारत नाही. काड्यापेटी मात्र त्याच्या खिशात नसते, लायटर असतो. मंदिराशेजारून वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांचे पाणी घेऊन उल्हासनगरात जाते. २०१४च्या नोव्हेंबरअखेरीस तिच्यात ओतलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो लोक रुग्णालयांत गेले होते. धूसर पार्श्वभूमी आणि स्पष्ट चेहरा ही हू बोच्या कॅमेऱ्याची रीत त्या दिवशी आमच्याकडे अक्षरशः घडली म्हणायची.

चीनमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर झाले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगार कमी केले गेले. शेनयांग शहरातल्या तिएशी या औद्योगिक भागाचे मरण वांग बिंगने १९९९पासून दोन वर्षे चित्रित केले, आणि त्याचा नऊ तासांचा माहितीपट २००३ मध्ये पुरा झाला. त्यात भट्ट्या विझतात, वसाहती रिकाम्या होतात, आणि मालगाडी बर्फातून जात राहते. हू बोची पात्रे हत्तीकडे निघतात तेव्हा थेट गाडी रद्द झालेली असते, म्हणून ती बसने निघतात; बस शेनयांगला जाणार असते, तिथून पुढे मांजोउली. या गावाच्या नावात हू बोने वांग बिंगला हात जोडले आहेत की तो निव्वळ रस्त्याचा नकाशा आहे, हे सांगणे कठीण. पण ज्याने दोन्ही चित्रपट पाहिले त्याच्या मनात ती बस विझलेल्या भट्ट्यांकडेच जात राहते.

बदलापूरकराला गाडी रद्द होण्याविषयी काही समजावून सांगावे लागत नाही. १८५०च्या दशकात घाटाकडे जाणारा रेल्वेमार्ग या भागातून गेला, आणि दीडशे वर्षांनी मुंबईत घर न परवडणारा माणूस त्याच मार्गाने बदलापुरात येऊन राहिला. त्याच्या दिवसाचे तीन-चार तास गाडीत आणि फलाटावर जातात. एक चित्रपटच म्हणा, रोजचा. २६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये उल्हासच्या पुरात थांबली. सुमारे एक हजार पन्नास प्रवासी. दुसऱ्या दिवशी बोटी आणून त्यांना उतरवण्यात आले. बातम्यांत दिसली ती सुटका, आणि ती दिसायलाच हवी. आधीची रात्र मात्र कुठल्याच कॅमेऱ्यात नाही: अंधार, चहूकडे पाणी, डब्यात निजलेली मुले, आणि गाडी आता हलेल, थोड्या वेळाने हलेल, असे एकमेकांना सांगणारी माणसे.

चित्रपटाच्या शेवटाकडे म्हातारा वांग जिन मुलांना थांबवू पाहतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कुठेही गेलात तरी सारे सारखेच निघते, जाण्यापूर्वी माणूस स्वतःला फसवतो की तिकडे काही वेगळे असेल, त्यापेक्षा इथेच उभे राहून पलीकडे पाहावे, जाऊ नये, म्हणजे इथे राहायला शिकता येते. वेई बू त्याच्याशी वाद घालत नाही, त्याला खोडून काढत नाही. जाऊन पाहू या, एवढेच त्याचे म्हणणे. आणि म्हातारा, आपल्या तत्त्वज्ञानाविरुद्ध, नातीचा हात धरून बसमध्ये चढतो. हा क्षण मोठा आहे, कारण तो कोणत्याही आशेवर उभा नाही. हत्ती पाहून काय होणार, याचे उत्तर कुणाकडे नाही. चार तास आपण या माणसांच्या मानेमागून चाललो नसतो, तर बसमध्ये चढण्याच्या या साध्या क्रियेचे वजन आपल्याला कळले नसते. तो विद्यार्थी म्हणाला तसे त्याच्या आजीच्या बॅरेकीतले लोक उठले. कधी उठले, ती सकाळ कोणती होती, आदल्या रात्री ते काय बोलले, हे त्याला कुणी सांगितलेले नाही. एकदम दुकानापासून गोष्ट सुरू होते. म्हणून ते उठणे त्याला सोपे वाटते.

त्याला आम्ही हे उत्तर दिले ते वर्गात नव्हे, नंतर विठ्ठलवाडी स्थानकाच्या पुलावर, आणि इतके नीट नक्कीच नव्हे. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला की आजी गेली, पण आजीची बहीण आहे, कॅम्प पाचला, तिला सगळे आठवते. पण ती सिंधीतच बोलते आणि त्याला सिंधी समजते, लिहिता येत नाही. आम्ही म्हटले, देवनागरीत लिही. मराठी कानाला जसे ऐकू येईल तसे लिही. तिला घाई करू नकोस, ती गप्प बसली तर बसू दे.

शेवटच्या दृश्यात बस रात्री कुठेतरी थांबते. साऱ्या चित्रपटभर माणसांना चिकटून असलेला कॅमेरा इथे प्रथमच दूर जातो. बसच्या दिव्यांच्या उजेडात प्रवासी खाली उतरून पायाने शटलकॉकसारखी एक चकती उडवण्याचा खेळ खेळू लागतात, वर्तुळ करून, थंडीत अंग गरम राहावे म्हणून असेल. चेहरे दिसत नाहीत. एवढ्यात अंधारातून हत्तीचा चीत्कार ऐकू येतो. सगळे थबकतात, आवाजाच्या दिशेने पाहतात. हत्ती दिसत नाही. थोड्या वेळाने कुणीतरी पुन्हा चकती उडवतो.